हिच्या औषधातला माझा वाटा

१२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून घरात विज्ञान शिरलं आहे.

हिच्या सोरायसिसला अकरा वर्षं झाली. हात, कोपरं, पोटऱ्या, थोडी पाठ. लाल चट्टे, त्यावर खपल्या, त्याखाली खाज. डॉक्टर बदलून झाले, साबण बदलून झाले, गादीच्या चादरीसुद्धा बदलून झाल्या. आज त्वचा विभागातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या क्रीमचा अभ्यास सुरू होतोय, पेशंट निवडतोय, यांचं नाव घालू का. ही लगेच हो म्हणाली. मला विचारलं नाही. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

घरी येऊन जाहीर केलं की या प्रकरणाची सूत्रं मी हातात घेतो आहे. विमा कंपनीच्या क्लेम सेक्शनमधून निवृत्त होऊन सात महिने झाले, आणि हा मेंदू नुसता पडून आहे. ही म्हणाली, कशाला, मी माझी जाऊन येईन की. विनय आहे तिच्यात. नवी फाइल काढली, पाच रंगांचे फ्लॅग लावले.

१३ जानेवारी

रोगाची माहिती काढली. शरीराची पहारा देणारी यंत्रणा बिघडते आणि आपल्याच कातडीवर हल्ला करते. डॉक्टरीणबाईंनीही तेच समजावलं होतं, की पहारेकऱ्याला वाटतं आपण घर राखतोय, आणि तो घरावरच दगड मारत सुटतो. पहारेकरी इतका मूर्ख कसा असू शकतो कळत नाही. फाइलला लाल फ्लॅग लावून नोंद केली.

संध्याकाळी हिला विचारलं, पूर्ण बरी झालीस तर काय करशील. मला वाटलं, म्हणेल आपण दोघं कुठेतरी फिरून येऊ. म्हणाली, काउंटरला उभी राहीन.

ही बेकरीत काउंटरला होती. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचा पाव पिशवीत गेलेला असायचा. कोणाची सून माहेरी गेलीय, कोणाच्या नातवाचे दात येतायत, सगळं हिला पाठ. गेल्या वर्षी एका बाईंनी मालकाकडे तक्रार केली की असल्या हातांचं आम्ही खायचं का. मालक भला माणूस. काढलं नाही, आत नेऊन बसवलं, खोके दुमडायला. हा रोग कोणाला लागत नाही असं मालकाला सडेतोड पत्र लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. मसुदा अजून आहे कुठेतरी.

१९ जानेवारी

निवडीची तयारी. निदान पाच तळहात मावतील एवढे चट्टे अंगावर हवेत, अशी अट आहे. घरीच मोजून पाहिलं. माझ्या तळहाताने साडेचार भरले. हिला म्हटलं, थोडा गरम पाण्याचा शेक घे, चट्टे फुलतील. हिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. कष्ट न घेता सिलेक्शन व्हावं अशी अपेक्षा असते माणसांची.

२१ जानेवारी

निवड झाली! तळहात पेशंटचाच धरायचा असतो म्हणे. हिच्या हाताने सहा भरले. ही गोष्ट आधी सांगायला काय झालं होतं?

मोजणारी को-ऑर्डिनेटर मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीसची. बोलणं मोजकं, हातात कायम क्लिपबोर्ड. मी मनातल्या मनात तिचं नावच क्लिपबोर्ड ठेवलं. तिने बावीस पानी संमतिपत्र दिलं आणि हिला म्हणाली, घरी नेऊन सावकाश वाचा, शंका असतील तर फोन करा. मला काहीच म्हणाली नाही. नातेवाइकाने कुठे सही करायची विचारलं, तर नातेवाइकाची सही लागत नाही म्हणाली. पेशंटला वाचता येत नसेल तरच साक्षीदार. हिला वाचता येत नाही असं सांगावं असं क्षणभर मनात आलं होतं, पण ही समोर बसून भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचत होती.

नातेवाइकांसाठी कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची आहे. वॉटरकूलरला लागून. एक पाय आखूड.

संकल्प : बावीसच्या बावीस पानं अधोरेखित करून वाचणं.

२३ जानेवारी

तीन पानं झाली. सारांश ध्यानात आला. एकतीस वर्षं पॉलिसीचा बारीक टाइप वाचलेल्या माणसाला पुढचं काय असणार ते कळतंच. ही मात्र सगळं वाचत बसली आहे, पेन्सिल घेऊन. आठव्या पानावर काहीतरी मला दाखवायला आली होती, ‘अभ्यासाच्या काळात दुसरं काहीही लावू नये’ असलं काहीतरी. मी म्हटलं, ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी

आता चार आठवडे कोणतंही औषध नाही. जुन्या औषधांचा अंश अंगातून जायला हवा म्हणे. हिने जुन्या सगळ्या मलमांच्या डब्या पिशवीत भरून शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिल्या. आपल्याच घरात आपल्यावर हा अविश्वास? मी म्हटलं, मी आहे ना लक्ष ठेवायला. म्हणाली, म्हणूनच.

१५ फेब्रुवारी

वाईट दिवस. चट्टे लाल झालेत, बोटांच्या पेरांवर भेगा. ही खाजवत नाही. ओला नॅपकिन लावून गप्प बसते. मला ते बघवत नाही, म्हणून दुपारी लायब्ररीत जाऊन बसतो. या काळात पेशंटच्या जोडीदारावर किती ताण येतो याचा कोणी अभ्यास केला आहे का? नसणार. यावर एक पुस्तिका लिहावी असं डोक्यात आहे. शीर्षक सुचलं : ‘नातेवाईक – एक दुर्लक्षित शास्त्रज्ञ’. प्रस्तावना उद्या.

मुलीचा फोन. बाबा, तुम्ही फक्त आईला नेऊन आणा, बाकी काही करू नका, असं तीनदा म्हणाली. नेण्या-आणण्याच्या पलीकडची माझी भूमिका तिला लांबून कशी दिसणार.

२ मार्च

औषध मिळालं. तीन पांढऱ्या ट्यूबा, नाव नाही, नुसता नंबर. आणि आता खरी गंमत. अर्ध्या पेशंटांच्या ट्यूबेत औषध आहे, अर्ध्यांच्या ट्यूबेत नुसतंच साधं क्रीम. कोणाला काय, ते पेशंटला माहीत नाही. ठीक. पण क्लिपबोर्डलाही माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही! हे त्या हसत हसत सांगतात. आमच्या सेक्शनमध्ये साहेबाने असं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बदली.

निघताना क्लिपबोर्डने बजावलं, ट्यूबा टाकायच्या नाहीत, रिकाम्यासुद्धा परत आणायच्या. एवढी मोठी कंपनी, आणि भंगाराचा मोह सुटत नाही.

५ मार्च

ही म्हणाली, खाज कमी वाटतेय. मी समजावलं की तिसऱ्या दिवशी काही होत नसतं, हे मनाचे खेळ. असंच असतं, साधं क्रीम लावलं तरी माणसाला बरं वाटतं, मी वाचलंय. ही म्हणाली, काल रात्रभर झोपले हो मी. मी म्हटलं, तेही मनाचंच.

७ मार्च

ट्यूबेत काय आहे याचा छडा लावणं भाग आहे. हिच्या नकळत थोडं क्रीम घेऊन माझ्या डाव्या टाचेच्या भेगांना लावलं. उजवी टाच तुलनेसाठी मोकळी. याला शास्त्रीय पद्धत म्हणतात.

९ मार्च

डावी टाच जशीच्या तशी. निष्कर्ष स्पष्ट. हिच्या वाट्याला साधं क्रीम आलं आहे. अकरा वर्षांचा रोग, चार आठवड्यांचे हाल, आणि शेवटी हातात काय, तर बावीस पानांचं संमतिपत्र आणि लोणी.

हिला सांगितलं नाही. उमेद खचेल.

आज भांडं उचलताना हिच्या अंगठ्याची भेग उलली. रक्त आलं. हिने पटकन पदराखाली हात घेतला, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. अकरा वर्षांत मी या बाईसाठी नक्की काय केलं, असा एक विचार आला. फार वेळ टिकू दिला नाही. पण हातावर हात ठेवून आता बसणार नाही.

१० मार्च

जुन्या ऑफिसातला कॅशियर भेटला. त्याचा मेव्हणा वनस्पतींचं मलम करतो. पूर्णपणे नैसर्गिक. कॅशियरच्या मावशीचं कोपर आठ दिवसांत लोण्यासारखं झालं. बरणी आणली. पांढरट आहे, निलगिरीचा मंद वास.

विचार केला. हे हिला उघड दिलं तर घेणार नाही, आठवं पान काढून दाखवेल. अभ्यासात राहायला हवी, कारण तपासण्या तिथेच होतात, आणि पुढे कधीतरी खरं औषध मिळेल. म्हणजे दोन्ही साधायचं. अभ्यास चालू, मलम चालू. क्लेम सेक्शनमध्ये मी असे कित्येक पेच सोडवले आहेत.

११ मार्च, दुपारी तीन

ही बेकरीत. कामगिरी फत्ते.

ट्यूबच्या शेपटाची घडी पक्कडीने उलगडली. आतलं क्रीम वाटीत काढलं. चार चमचे मलम घालून एकजीव केलं आणि चमच्याच्या देठाने पुन्हा ट्यूबेत भरलं. वाटीत थोडं उरलं होतं, ते टाकवेना, म्हणून दाबून तेही बसवलं. मग घडी परत घातली, पक्कडीने दाबून. कंपनीने घातली असती तर इतकी सरळ आली नसती.

तिन्ही ट्यूबा. दीड तास लागला. हात कापत नव्हते याचं माझं मलाच कौतुक वाटलं. वाटी साबणाने दोनदा धुतली.

१२ मार्च

ही म्हणाली, क्रीमला निलगिरीचा वास येतोय का हो. मी म्हटलं, तुझं नाकही आता अभ्यासात सामील झालेलं दिसतंय. विनोद तिला आवडला नसावा.

१६ मार्च

अंगठ्याची भेग मिटली! कोपरावरचा लाल रंग फिका पडला. ही आरशासमोर हात वर करून उभी होती. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं, पण छाती अशी फुगली की पेपर हलत होता.

१९ मार्च

ट्यूब अर्धी झाली की मी भरून ठेवतो. हिला संपण्याची चिंता नको. आज म्हणाली, इतकं चोपडतेय, संपत कशी नाही ही. मी म्हटलं, औषध चांगलं असलं की थोडंसंच पुरतं. बरणी संपत आली, कॅशियरला दुसरी आणायला सांगितली.

२३ मार्च

हात स्वच्छ. अक्षरशः स्वच्छ. हिने आज अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज काढला, कपाटाच्या तळातला. मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, सोमवारपासून काउंटरला या. ही हे सांगताना दोनदा थांबली. पाणी प्यायली. मग स्वयंपाक करताना गुणगुणत होती, सूर जरा वर जातो हिचा, पण मी काही बोललो नाही. मला फार बरं वाटलं. हे सगळं माझ्या हातून झालं, आणि कोणाला सांगता येत नाही. खरे शास्त्रज्ञ असेच जगत असतील.

पुस्तिकेचं शीर्षक बदललं : ‘मी आणि तिची त्वचा’.

३० मार्च, सकाळी आठ

आज चार आठवड्यांची तपासणी. डॉक्टरीणबाई चकित होणार. इस्त्रीचा शर्ट काढला आहे. त्यांनी विचारलंच, तर मी नम्रपणे एवढंच म्हणणार आहे की घरून पाठिंबा होता.

३० मार्च, संध्याकाळ

जरा गैरसमज झाला आहे.

सुरुवात छान झाली. डॉक्टरीणबाईंनी हिचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवले. तळहाताने मोजायला गेल्या तर एकसुद्धा भरेना. ही लाजली. मला आज आत बसू दिलं होतं, तेही नीट चार पायांच्या खुर्चीवर.

मग क्लिपबोर्डने ट्यूबा मागितल्या आणि काटा काढला. छोटा, सोनाराकडे असतो तसा. पेशंटने किती क्रीम लावलं ते समजावं म्हणून ट्यूबा देताना वजन करतात आणि परत आल्यावर पुन्हा करतात. भंगाराचा मोह नव्हता तो. हे बावीस पानांत कुठेतरी असणार.

पहिली ट्यूब ठेवली. तिने आकडा पाहिला, ट्यूब उचलली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी. मग दुसरा काटा आणला. हिने विचारलं, काही चुकलं का, मी रोज दोन्ही वेळा लावत होते. क्लिपबोर्ड म्हणाली, महिनाभर लावूनही तिन्ही ट्यूबा दिल्या होत्या त्यापेक्षा जड आहेत.

मी शांतपणे शास्त्रीय खुलासा दिला. हवेतला दमटपणा क्रीम शोषून घेतं. शिवाय काट्याची शेवटची तपासणी कधी झाली होती, याचं प्रमाणपत्र मी मागितलं. त्यांनी ते दाखवलं, गेल्याच आठवड्याचं होतं. तेवढ्यात क्लिपबोर्डने ट्यूबच्या शेपटावर बोट फिरवलं. तिथे पक्कडीचे दात उमटले होते. ते माझ्या लक्षात आले नव्हते, चष्मा बदलायला झाला आहे.

हिने माझ्याकडे वळून फक्त अहो म्हटलं. एवढंच. बत्तीस वर्षांत हजारदा ऐकलेला शब्द, पण आज तेवढा पुरला. सगळं सांगून टाकलं. चमच्याच्या देठासकट.

कोणी ओरडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी उरलेली बरणी घेऊन यायला सांगितली. येताना बसमध्ये ही पुढच्या बाकावर बसली, शेजारची जागा रिकामी असताना.

संकल्प : यापुढे कोणतंही पाऊल उचलण्याआधी वजनाचा विचार करणं.

६ एप्रिल

बरणीचा रिपोर्ट आला. वनस्पती नावालाच. बाकी स्टेरॉइड, तेही इतकं जबरदस्त की डॉक्टर स्वतः देताना दहादा विचार करतील. हात स्वच्छ झाले ते त्यामुळे. बंद केलं की रोग दुपटीने उसळू शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते उतरवण्यासाठी वेगळं औषध दिलं आहे. आणि ही अभ्यासातून बाद.

मी त्यांच्याशी बोललो. म्हटलं, चूक नातेवाइकाची आहे, नातेवाइकाला बाद करा. नातेवाईक अभ्यासात नव्हताच, म्हणाल्या. आणि हिच्या अंगावर आता कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हिचे सगळे आकडे वाया. चार आठवडे ओल्या नॅपकिनवर काढले होते हिने.

कॅशियरला फोन केला, झापायला. मेव्हणा बाहेरगावी गेलाय म्हणाला. मावशीचं कोपर कसं आहे विचारलं, तर त्याने विषय बदलला.

१४ एप्रिल

ही काउंटरला जातेय. हा तिसरा आठवडा. संध्याकाळी येते तेव्हा पाय दुखत असतात आणि चेहरा उजळलेला असतो. माझ्याशी कामापुरतं बोलते. काय करू, काय आणू, एवढंच. कोणाच्या नातवाला दात आले ते मला सांगत नाही, मुलीला फोनवर सांगते, मी शेजारच्या खोलीतून ऐकतो.

हात अजून ठीक आहेत. डॉक्टर लोक जरा जास्तच घाबरवतात.

१९ एप्रिल

मनगटावर लाल ठिपका. डास असेल.

२३ एप्रिल

डास नव्हता.

२८ एप्रिल

दोन्ही हात, कोपरं, आणि आता मानेवरही. पूर्वी मान कधी नव्हती. आज ही नेहमीपेक्षा लवकर आली. सहज सांगावं तसं सांगितलं, की एका गिऱ्हाइकाने पैसे हातावर न ठेवता काउंटरवर ठेवले, तेव्हा हिला कळलं. मालक काही बोलायच्या आतच ही उठून मागच्या खोलीत गेली आणि खोके दुमडायला बसली. मालक आत येऊन म्हणाले, अहो, कोणी काही म्हटलं का. ही म्हणाली, नाही, आजपासून इथेच बरं.

मला वाईट वाटलं. नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरंच वाटलं. हिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण त्या हाताला हात लावायचा हक्क आपण घालवलाय, असंही वाटलं. शेवटी चहा करून दिला. साखर विसरलो.

९ मे

झाल्या गोष्टीतून शिकलं पाहिजे. इस्पितळाला सूचनापत्र तयार केलं, चौदा मुद्दे. मुद्दा एक : ट्यूबांची घडी अशी असावी की कोणालाही उघडता येऊ नये. मुद्दा सहा : नातेवाइकांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं. मुद्दा नऊ : प्रशिक्षणासाठी अनुभवी नातेवाइकांची नेमणूक करावी. माझा फोन नंबर खाली दिला आहे.

हिने पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं, त्यावर डाळीचं भांडं ठेवलं. आता दुसरी प्रत काढावी लागेल.

११ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. हिची तब्येत हळूहळू पूर्वपदावर येतेय, म्हणजे पूर्वी जितकी वाईट होती तितपत. मान साफ झाली. तेवढं तरी झालं.

आमच्यातही सुधारणा. परवा हिने आपणहून सांगितलं की बेकरीत नवीन आलेली काउंटरची मुलगी सुट्टे पैसे मोजताना ओठ हलवते. मी इतका हसलो की ही दचकली.

२० ऑक्टोबर, सकाळी अकरा

इस्पितळातून फोन. मीच उचलला. क्लिपबोर्ड होती. तिला ही हवी होती. मी म्हटलं, मी निरोप देईन. ती घुटमळली. मी म्हटलं, आता बिघडवण्यासारखं काय उरलंय. मग सांगितलं. अभ्यास संपला, कोणाच्या ट्यूबेत काय होतं ते उघड झालं. ज्यांना औषध मिळालं होतं ते बहुतेक जण चांगले सुधारले आहेत. अजून दुकानांत यायला वेळ आहे, पण जे शेवटपर्यंत अभ्यासात होते त्यांना ते फुकट चालू ठेवणार आहेत.

हिच्या ट्यूबेत खरं औषध होतं.

२० ऑक्टोबर, दुपार

डावी टाच बघून मी ठरवलं होतं. टाचेच्या भेगा. त्यांना सोरायसिस कुठे होता.

आज आणखी काही लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर

हिला सांगायचं राहिलं आहे. योग्य वेळ बघतोय. आराखडा : आधी चहा, मग इकडचं तिकडचं, मग विज्ञानात अपयशही कसं मोलाचं असतं यावर दोन वाक्यं, मग मुद्दा. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसरं वाक्य दोन्ही वेळा विसरलो.

२७ ऑक्टोबर

सांगितलं. चहा, इकडचं तिकडचं काही जमलं नाही. ही ओला नॅपकिन पिळत होती, आणि मी दारातूनच बोलून गेलो.

ही पिळता पिळता थांबली. म्हणाली, मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी झोप लागली तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी. मग नॅपकिन मनगटावर गुंडाळला. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मी म्हटलं, चुकलो. ही म्हणाली, हो.

१२ नोव्हेंबर

नवीन संधी! दुसऱ्या इस्पितळात दुसरा अभ्यास, या वेळी गोळ्या. डॉक्टरीणबाईंनीच हिचं नाव कळवलं आहे, उद्या निवड. ही आठवडाभर कागद वाचत होती, मला कालच कळलं.

संकल्प, आणि हा पक्का : मी कशातही नाक खुपसणार नाही. गोळ्यांना हात लावणार नाही, मोजणारसुद्धा नाही. फक्त सोबत जाईन आणि नातेवाइकांच्या खुर्चीवर बसेन. हिला तसं सांगितलं. नको म्हणाली. मग म्हटलं, आत येणार नाही, फाटकाशी थांबतो. तेही नको. मान्य केलं. समंजस माणसाने कधीतरी माघार घ्यावी.

अर्थात पुढच्या बसने जाऊन लांबून बघायला काय हरकत आहे. इस्पितळासमोर चहाचं दुकान असेलच. हिला दिसणारही नाही. एखादा कागद कळला नाही, कोणी उलटसुलट प्रश्न विचारले, तर आपलं माणूस जवळ असावं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.

१३ नोव्हेंबर, सकाळी पावणेदहा

ही नऊला निघाली. जाताना हसली. कित्येक महिन्यांनी असं मोकळं हसली.

मी बूट घालून पाच मिनिटं थांबलो, अंतर राहावं म्हणून. मग दाराचं हँडल ओढलं. उघडेना. दाराला खांदा लावला. फटीतून पाहिलं तर बाहेरून कुलूप. माझी किल्ली खिळ्यावर नाही. शेजारच्या काकूंना खिडकीतून हाका मारल्या. त्यांच्याकडे आपली एक किल्ली असते, पण त्या म्हणाल्या, दुपारपर्यंत द्यायची नाही असं सांगून गेलीय. आणि पडदा ओढला.

हिला फोन लावला. बसमध्ये होती, मागे गलबला. विचारलं, रागावून कुलूप घातलंस का. नाही म्हणाली, राग कसला, जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा. मी म्हटलं, मग घाईत चुकून लागलं असेल.

नाही, म्हणाली, आठवणीने लावलंय.